शौकतच्या बरोबरीची माणसं

प्रभुलिंगनं तिसरी जिलेबी उचलली, तेव्हा हैदर मास्तरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि शेजारच्याच्या ताटात ठेवली. लग्न प्रभुलिंगच्या पुतणीचं होतं. मांडव त्याचा, आचारी त्याचा, जिलेबीही त्याचीच. मास्तर पाहुणे म्हणून आले होते.

"परवा शुगर किती निघाली?" मास्तरांनी विचारलं.

"दोनशे दहा, चाचा."

"मग ताक पी."

शाहूपुरीत गुळाची अडत चालवणारा, हमालांवर दिवसभर ओरडणारा प्रभुलिंग मुकाट्यानं ताक प्याला. उर्दू शाळेतनं रिटायर झाल्यापासनं मास्तर लई मायाळू झालेत, असं पंगतीतल्या बायका एकमेकींना म्हणाल्या. हे काही खरं नव्हतं. मास्तर छत्तीस वर्षं शाळेत होते आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर असा आरोप कुणी केला नव्हता. प्रभुलिंग जगला पाहिजे असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं, पण त्याचं कारण प्रभुलिंग नव्हता.

कारण होतं शौकत, मास्तरांचा एकुलता एक मुलगा. गल्लीच्या फुटबॉल टीमचा तो सेंटर फॉरवर्ड. शाहू स्टेडियमवर त्यानं मारलेल्या एका गोलची गोष्ट गल्लीत अजून सांगतात आणि दर वर्षी तो गोल आणखी थोडा लांबून मारलेला असतो. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात शौकत गॅरेजचे पार्ट आणायला हुबळीला गेला. रात्री जेवायला येतो म्हणाला आणि आला नाही. मास्तरांनी हुबळी पालथी घातली, मग बेळगाव, मग मुंबई, मग अजमेर. गुलबर्ग्याच्या उरुसात तो दिसला असं कुणीतरी सांगितलं म्हणून मास्तर तिकडंही जाऊन आले. तो दुसराच कुणीतरी निघाला आणि उंचीलाही कमी होता.

घरात उरले मास्तर आणि सून बिल्कीस. मास्तरांची बायको आधीच वारलेली, बिल्कीसला मूलबाळ नाही. चार वर्षं अशी गेल्यावर बिल्कीसचा भाऊ गारगोटीहून आला, चहा प्याला आणि बशी खाली ठेवून म्हणाला, "चाचा, हिचं पुढं काय?"

"मसला साफ हाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. इमाम अबू हनीफांचं नाव घेण्याआधी ते नेहमी हे बटण लावत. मास्तरांचा हनफी मजहब, म्हणजे कायद्याचा पंथ, याच इमामांचा. बाराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या कुफा शहरात या माणसाचं रेशमी कापडाचं दुकान होतं. दुकानातून उठला की तो शिष्यांना भोवती बसवून घ्यायचा आणि अजून घडलेलंच नाही अशा प्रसंगांवरसुद्धा कायदा काय सांगेल याचा खल करायचा. एक किस्सा मास्तर दर वर्षी सातवीच्या वर्गाला सांगत. एक मोठे विद्वान कुफ्याला आले, तेव्हा अबू हनीफांनी त्यांना विचारलं, नवरा बेपत्ता झाला, बायकोनं तो मेला समजून दुसरं लग्न केलं आणि पहिला परत आला, तर काय करायचं? विद्वान म्हणाले, असं कुठं घडलंय का? नाही? मग विचारता कशाला? इमाम म्हणाले, संकट यायच्या आधी आम्ही तयारी करून ठेवतो. वर्गातली पोरं हसायची. मास्तरही थोडे हसायचे, कारण तोवर त्यांच्याही घरी ते घडलेलं नव्हतं.

"नवरा बेपत्ता झाला तर तो जिवंतच धरायचा," मास्तरांनी पावण्याला सांगितलं. "कुठवर? त्याच्या गावातली त्याच्या बरोबरीची माणसं मरंपर्यंत. हनफी मजहबाचा असा मूळ निकाल हाय."

"बरोबरीची म्हंजे?"

"त्याच्या वयाची."

"ती तर सगळी पस्तिशीची हायत की."

"व्हय," मास्तर म्हणाले. शौकत गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला कुणी पाहिला नव्हता. पावणा दुपारच्या एसटीनं परत गेला.

आता शौकतच्या बरोबरीचे म्हणजे कोण, हे गल्लीत कुणाला विचारायची गरज नव्हती. ती टीम होती. गोलकीपर कुतुब मणेर, सेंटर हाफ प्रभुलिंग, डाव्या बाजूनं पळणारा जोतीराम आणि बाकीचे. त्यातले निम्मे मुसलमान नव्हते आणि अशांना बरोबरीचं धरायचं की नाही यावर मास्तरांना कुठं काही सापडलं नाही. त्यांनी धरलं. प्रभुलिंग तर लिंगायत, दारूला न शिवणारा, मांसाला न शिवणारा. जिलेबी सोडली तर तो नव्वदी गाठायला काही हरकत नव्हती, आणि तोवर शौकत जिवंत होता.

मग मास्तर टीमच्या मागे लागले. जोतीराम रिक्षा चालवायचा आणि गुटखा खायचा. मास्तर सकाळी स्टॉपवर जाऊन त्याच्या खिशातून पुडी काढून घेत आणि गटारात टाकत. टीमचा राइट बॅक मोटारसायकल जोरात मारायचा. मास्तरांनी त्याला हेल्मेट घालायला लावलं आणि त्या साली कोल्हापुरात हेल्मेट घालून हिंडणारा तो बहुधा एकटाच असल्यामुळं त्याचं लग्न जमायला वेळ लागला. कुणाला ताप आला की मास्तर डॉक्टरच्या दारात हजर. पोरांच्या आया त्यांना दुवा देत. मास्तर पाच वेळच्या नमाजीनंतर सगळ्या टीमसाठी दीर्घायुष्य मागत आणि शौकतसाठी वेगळं काही मागत नसत, कारण त्यातच तो आला.

या सगळ्यात त्यांनी एक चूक केली. मजहबाप्रमाणे शौकत जिवंत, म्हणजे बिल्कीस सवाष्ण. तर मग दर ईदला तिनं नव्या बांगड्या भरल्या पाहिजेत, असा मास्तरांचा हुकूम होता. आणि बांगड्या भरायच्या तर परक्याकडे कशाला, महाद्वार रोडच्या मागं कुतुबचं दुकान आहे की. "येताना त्याचा खोकला कसा हाय तेवढं बघून ये," असंही ते सांगत.

कुतुबची बायको बाळंतपणात गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. गोलकीपरचे पंजे मोठे असतात, पण बांगडी भरताना ते पंजे फार जपून चालत. आधी साबण लावायचा, मग अंगठा आत घेऊन बोटं दाबायची, आणि काच फुटू न देता हळूहळू वर सरकवायचं. हे काम घाईनं होत नाही. दोन ईदी, म्हणजे वर्षातून दोनदा, बिल्कीस त्याच्यासमोर हात देऊन बसे आणि खोकला कसा आहे ते विचारी. एवढ्या काळात खोकला केव्हाच बरा झाला होता.

सत्त्याण्णवच्या बकरी ईदीनंतर कुतुब मास्तरांच्या घरी आला. डोक्यावर टोपी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. बिल्कीस आतल्या खोलीत गेली आणि तिथं भांड्यांचा आवाज बंद झाला.

"चाचा," कुतुब म्हणाला, "बिल्कीसला मागणी घालायला आलोय."

मास्तरांनी बटण लावलं. "तिचा नवरा जिवंत हाय."

"कुठं हाय?"

"ते वेगळं. मजहबाच्या हिशेबानं जिवंत हाय. त्याच्या बरोबरीची माणसं जिवंत हायत तवर."

"बरोबरीची म्हंजे आमी."

"व्हय."

कुतुबनं यावर विचार केला. तो शांत माणूस होता, पेनल्टीच्या वेळीसुद्धा शांत असायचा. "म्हंजे मी मेलो की मला बिल्कीसशी निकाह करता येतोय."

"तू एकटा मरून भागत न्हाय," मास्तर म्हणाले. "सगळ्यांनी मरायला पायजे."

कुतुबनं मान हलवली, चहा संपवला आणि गेला. मास्तरांना वाटलं, मसला मिटला. ते वळले तर दारात बिल्कीस उभी होती.

"अब्बा, प्रभुलिंगभावजींचा आजा कितव्या वर्षी गेला?"

"शहाण्णवाव्या."

"म्हंजे तवर मी नव्वदीला येते." ती हळू बोलत होती, आणि मास्तरांना ओरडणाऱ्या माणसांची सवय असल्यामुळं ते अवघड जात होतं. "वकिलाला विचारलंय मी. कोर्टात गेले तर नवरा चार वर्सं बेपत्ता म्हणून निकाल मिळतोय. मला कोण अडवणार न्हाय. पण कोर्टात मला तुमच्या विरुद्ध उभं ऱ्हायला लागंल, आन् ते माझ्यानं व्हायचं न्हाय. तवा तुमीच काय ते बघा." आणि ती आत जाऊन भांडी घासू लागली.

मास्तर तडक मशिदीत गेले. तिथले मौलाना वयानं त्यांच्यापेक्षा लहान, पण शिकलेले आणि चिडखोर. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि इमामांचा निकाल जुम्म्याला जाहीर करा म्हणाले.

"आणि इमाम मालिक?" मौलानांनी विचारलं.

मास्तर दाराकडच्या चपलांकडं बघू लागले.

"मदीन्याचे इमाम मालिक. बाई काझीकडे गेली तर चार वर्सं वाट बघायची, खलिफा उमर यांच्या निकालाचा आधार हाय. मग नवरा मेला असं धरून विधवेची इद्दत, चार महिने दहा दिवस घरात बसायचं, आणि बाई मोकळी. आणि साठ वर्सांपूर्वी आपल्याच हिंदुस्थानातल्या हनफी उलेमांनी बायकांचे हाल बघून या एका बाबतीत मालिकांचं मत घेतलंय. मास्तर, हे तुमाला ठाऊक न्हाय?"

"ठाऊक हाय."

"मग?"

मास्तरांना पुष्कळ सांगता आलं असतं. मालिकांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतंच. लांबून लांबून लोक प्रश्न घेऊन मदीन्याला यायचे, आणि हे बहुतेक प्रश्नांना 'मला माहीत नाही' म्हणून वाटेला लावायचे. हेडमास्तरनं असं म्हणून कसं चालेल? पण हे काही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं होतं की अबू हनीफांच्या निकालात शौकत जिवंत होता आणि मालिकांच्या निकालात मेलेला. एवढ्या मोठ्या दुनियेत त्याला जिवंत म्हणणारं दुसरं कुणीही उरलं नव्हतं. हे मौलानांना सांगायची मास्तरांना लाज वाटली. ते चपला घालून घरी आले. पुढं वर्षभर ना बिल्कीसनं विषय काढला, ना त्यांनी. पुढच्या ईदला तिनं बांगड्या भरल्या नाहीत.

आणि मग जोतीराम गेला. गुटख्यानं नाही, अपघातानंही नाही. सकाळी रिक्षा पुसताना छातीत कळ आली आणि तो तिथंच बसला. मास्तर पोचले तेव्हा त्याला दारात झोपवलं होतं, सगळी टीम आली होती. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. प्रभुलिंगला वाटलं, चाचा दुवा मागतायत. मास्तर मोजत होते. एक गेला, आता उरले किती. प्रभुलिंगची शुगर, राइट बॅकचं हेल्मेट, कुतुब. मोजता मोजता त्यांचं लक्ष जोतीरामच्या पायांकडं गेलं. ते पाय त्यांनी डाव्या बाजूनं पळताना शेकडो वेळा पाहिले होते. आपण काय करतोय हे त्यांना कळलं, आणि आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

जोतीरामची आई तानाबाई उशाशी बसली होती. मास्तर तिच्यासमोर खाली बसले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"मास्तर, माझ्या हातानं त्याच्या तोंडात पाणी घातलं मी," ती म्हणाली. "गेला, हे मला कळलं तरी. तुमाला तेबी न्हाय. सात वर्सं कसं काढलं ओ तुमी?"

मास्तर तिथं तानाबाईसमोर मोठ्यानं रडले, आणि आपल्या मुलाला सोडून तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

रात्री जेवताना ते बिल्कीसला म्हणाले, "काझीसाहेबांकडं अर्ज दे. मी संगट येतो."

काझींनी रीतीप्रमाणे पुन्हा चौकशी लावली, उर्दू पेपरात जाहिरात दिली, हुबळीला माणूस पाठवला. त्यात आणखी बरेच महिने गेले. मग एके दिवशी त्यांनी बिल्कीसला, तिच्या भावाला आणि मास्तरांना समोर बसवलं.

"मुलाची काही खबर?"

"न्हाय."

"तो जिवंत आहे का?"

मास्तरांचा हात बटणाकडं गेला. ते आधीच लावलेलं होतं. "माहीत न्हाय," ते म्हणाले. छत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच निघत होते, आणि ते म्हणायला किती ताकद लागते हे त्यांना त्या दिवशी समजलं. मदीन्याच्या इमामांबद्दल त्यांनी मनातल्या मनात आपलं मत बदललं. काझींनी निकाल दिला. शौकत मरण पावला असं धरून बिल्कीस इद्दतीला बसली, आणि ती संपल्यावर कुतुबशी निकाह ठरला.

बिल्कीसचं झालं. मास्तरांचं काही झालं नव्हतं. निकालाच्या चौथ्या दिवशी ते पुन्हा मौलानांकडं गेले.

"शौकतची जनाज्याची नमाज पढायची हाय."

मौलानांनी मान खाली घातली. या वेळी ते चिडले नाहीत. "मास्तर, मय्यत समोर पायजे. आपल्या इमामांकडं गैरहजर माणसाची जनाज्याची नमाज न्हाय. तुमीच शिकवलंय हे पोरांना."

"शिकवलंय," मास्तर म्हणाले.

घरी येऊन ते तीन दिवस धड जेवले नाहीत. तेव्हा बिल्कीसनं भावाकरवी कुतुबला निरोप धाडला, आणि कुतुब आला. बांगड्यांच्या पेट्या घेऊन तो दर महिन्याला राजापूरला जात असे. "चाचा, खाली कोकणात सगळे शाफई," तो म्हणाला. "तिथं मय्यत लांब असली तरी नमाज पढत्यात. मी बघितलंय. आफ्रिकेत मेलेल्या माणसाची पढलेली."

इमाम शाफई म्हणजे मालिकांचे शिष्य, आणि अबू हनीफांच्या शिष्याकडंही शिकलेले. हे मास्तरांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि सत्तरीत दुसऱ्या इमामाच्या दारात जाणं वेगळं. तरी ते टेम्पोत बसून घाट उतरले. टेम्पो प्रभुलिंगचा होता, मागं गुळाच्या वासात टीम बसली होती, राइट बॅक हेल्मेट घालूनच.

राजापूरच्या मशिदीचे इमाम म्हातारे होते. मास्तरांनी आधीच सांगून टाकलं, "मी हनफी हाय."

"असू द्या," इमाम म्हणाले. "आमचे इमाम एकदा तुमच्या इमामांच्या कबरीजवळ फजरच्या नमाजीला उभे राहिले, आणि तुमचे इमाम जी दुआ फजरला म्हणत नसत, ती आपली नेहमीची दुआ त्यांनी त्या दिवशी सोडली, असं सांगतात. कुणी कारण विचारलं तर म्हणाले, या घरच्या माणसाचा मान. आता तुम्ही आमच्याकडे आलात. मयत कोण?"

"मुलगा. निकाल झालाय. पण बघितलेलं कुणी न्हाय."

इमामांनी थोडा विचार केला. "मग नियत अशी करा. तो मरण पावला असेल, आणि त्याला कुणी गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, घातली असेल, तर त्याची नमाज. 'असेल तर' म्हटलेलं चालतं. उद्या तो परत आला तरी तुमचं काही चुकलं असं होत नाही."

अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजीनंतर कोकणी माणसं रांगेत उभी राहिली. त्यातल्या एकानंही शौकतचं नाव कधी ऐकलं नव्हतं. कुतुब मास्तरांच्या उजव्या हाताला उभा राहिला, टीममधले मुसलमान त्याच्या पलीकडं. प्रभुलिंग आणि बाकीचे बाहेर चपलांपाशी हात जोडून उभे होते. समोरची जागा रिकामी होती.

मास्तरांनी मनात नियत धरली. 'असेल तर' म्हणायची त्यांना परवानगी होती, आणि इतकी वर्षं ते त्या दोन शब्दांवरच जगले होते. त्यांनी ते म्हटले नाहीत. माझा मुलगा शौकत मेला आहे, त्याची ही नमाज, एवढंच त्यांनी म्हटलं आणि 'अल्लाहू अकबर' म्हणत दोन्ही हात उचलले.